काम शिकविणाऱ्यानें कसें शिकवावें

शेतीच्या नव्या रीती आमच्या शेतकरी बंधूंपर्यंत पोंचविण्यासाठीं आजवर पुष्कळ खटपट झाली आहे. प्रयोगशाळा निघाल्या, संशोधन केंद्रें झालीं, व्याख्यानें होतात, पुस्तिका छापल्या जातात, आणि आतां तर प्रत्येकाच्या खिशांतील मोबाईलवर दिवसांतून दहा सूचना येऊन पडतात. इतकें असूनही बागेंत प्रत्यक्ष काम करणारा हात मात्र बहुधा शेजारच्या हाताकडे पाहूनच चालतो. असें कां होतें याचा विचार करतां आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, काय शिकवावें याची चर्चा आपण फार करतों. परंतु शिकविणाऱ्यानें कसें बोलावें, काय करून दाखवावें, आणि केव्हां गप्प बसावें याची चर्चा जवळ जवळ होतच नाहीं.

शिकविणारा म्हटला म्हणजे कृषि खात्याचा अधिकारी, कृषि विज्ञान केंद्राचा तज्ज्ञ, नाहीं तर औषध कंपनीचा माणूस डोळ्यांपुढें येतो. परंतु आपल्या नाशिक जिल्ह्यांत पाहिलें तर खरे शिकविणारे निराळेच आहेत. ऑक्टोबर छाटणीच्या वेळीं पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या टोळीला पहिल्या दिवशीं कात्री कशी चालवावी हें सांगणारा बागायतदार, त्या टोळीचा मुकादम, फवारणीच्या गड्याला औषधाचें माप सांगणारा घरचा मुलगा, गांवोगांवीं चर्चासत्रें घेणारे आपल्या संघाचे सभासद, हे सारे शिकविण्याचेंच काम करतात. मात्र तें एक स्वतंत्र काम आहे व तें निराळें शिकावें लागतें, असें त्यांच्यापैकीं फारच थोड्यांस वाटतें. ज्याला काम येतें त्याला तें शिकवितांही येतें, अशी आपली समजूत. ही समजूत खोटी आहे हें आम्हांस फार उशिरां कळलें. आणि ज्या अद्दलीनें तें कळलें तिची हकीकत प्रथम सांगतों.

आम्ही महसूल खात्यांत कारकून होतों. सन २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वीं तलाठी पीकपाणी लिहीत असे. आतां खातेदारानें स्वतःच आपल्या मोबाईलवर गट, पीक व क्षेत्र भरून, त्याच गटांत उभें राहून पिकाचें छायाचित्र काढावयाचें, अशी योजना होती. एका गांवीं खातेदारांस जमवून ही रीत समजावून देण्याचें काम आमच्याकडे आलें. आम्हीं परिपत्रक तीन वेळां वाचलें होतें. चावडीवर साठ-सत्तर माणसें बसलीं होतीं. आम्ही सव्वा तास बोललों. नोंदणी, खाते क्रमांक, निर्भेळ पीक, मिश्र पीक, जलसिंचनाचें साधन, सर्व कांहीं परिपत्रकाच्या क्रमानें सांगितलें. शेवटीं विचारलें, "समजलें ना सर्वांस?" सर्वांनीं माना डोलाविल्या. चहा झाला. आम्ही मोठ्या समाधानानें परत आलों.

पंधरा दिवसांनीं पाहतों तों त्या गांवच्या नोंदी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांतही चुका. मनांत राग घेऊनच गांवीं गेलों. तेथें एका वृद्ध खातेदारानें जें उत्तर दिलें तें आम्ही जन्मभर विसरणार नाहीं. ते म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्हीं सांगितलें तें सगळें समजलें होतें हो. पण घरीं जाऊन मोबाईल हातांत घेतला, अन् पहिलें बोट कुठें लावायचें तेंच समजेना."

अधिक चौकशी करतां असें आढळलें कीं, शेतांत रेंज नाहीं म्हणून कित्येकांनीं प्रयत्नच सोडून दिला होता. नोंद शेतांत करून ठेवावी व रेंज मिळेल तेथें येऊन ती पाठवावी, एवढी साधी गोष्ट आम्हीं सांगितलीच नव्हती. कारण आम्हीं ती खुर्चीवर बसून वाचली होती, शेतांत उभें राहून केली नव्हती. आमच्या या चुकीची किंमत पुढें दुसऱ्यांनींच भरली. नोंद न करण्याची जी संवय त्या पहिल्या हंगामांत लागली ती तशीच राहिली. सन २०२३ मध्यें फेब्रुवारी व मार्च महिन्यांत विकलेल्या लाल कांद्यास सरकारनें क्विंटलमागें ३५० रुपये, तेंही २०० क्विंटलच्या मर्यादेपर्यंत, अनुदान देऊं केलें, तेव्हां सातबाऱ्यावर कांद्याची नोंद मागितली गेली. त्या गांवांत कांदा सर्वांनीं पिकविला होता, पण कित्येकांच्या उताऱ्यावर तो नव्हता. मागाहून पडताळणीची दुसरी वाट निघाली खरी. परंतु तोंपर्यंत लोकांचे जे हेलपाटे झाले त्यांतले कांहीं तरी आमच्या त्या सव्वा तासाच्या व्याख्यानाच्या खातीं लिहावे लागतील.

दुसऱ्या वेळीं गेलों तेव्हां चावडी सोडली व एका सोयाबीनच्या वावरांत गेलों. दहा दहा माणसांचा एक गट केला, आणि मोबाईल त्यांच्याच हातांत ठेवला. आमचे स्वतःचे हात मात्र पाठीमागें धरून ठेवले, कारण समोरचा चांचपडूं लागला कीं "आणा इकडे" म्हणून मोबाईल काढून घ्यावा असें वाटतें, आणि एकदां तो आपल्या हातीं आला म्हणजे शिकणें संपतें. त्या दिवशीं आम्ही फार थोडें बोललों. पाऊण तासांत प्रत्येक गटांतील दोघां-तिघांनीं आपापली नोंद पुरी केली व उरलेल्यांस त्यांनींच शिकविलें.

तेव्हांपासून "समजलें ना?" हा प्रश्न आम्हीं सोडून दिला आहे. या प्रश्नाचें उत्तर नेहमीं एकच येतें. "नाहीं समजलें" असें चारचौघांत म्हणणें म्हणजे आपण मंद आहों हें कबूल करणें, किंवा शिकविणाऱ्याचा अपमान करणें, असें आपल्याकडे मानतात. मजुरी करणाऱ्यास तर मालकापुढें तसें म्हणण्याचा धीर होतच नाहीं. शिवाय ऐकणाऱ्यास खरोखरच समजल्यासारखें वाटतें, त्यांत तो लबाडी करीत नाहीं. पोहणें काठावरून सर्वांसच समजतें. म्हणून विचारावयाचेंच झालें तर "करून दाखवा" असें म्हणावें, आणि करून दाखविल्यावर "असें कां केलें तें सांगा" असें विचारावें. या दोन वाक्यांपलीकडे शिकविण्याच्या विद्येंत फारसें कांहीं नाहीं असें आमचें मत झालें आहे. परंतु हीं दोन वाक्यें अंमलांत आणणें फार अवघड आहे.

केवळ ऐकण्यापेक्षां ऐकून बोलण्यानें किती फरक पडतो याचा एक जुना पुरावा आपल्या जिल्ह्यांतच आहे. तो आतां फारसा कोणाच्या स्मरणांत नाहीं. सन १९५६ मध्यें युनेस्कोच्या साह्यानें पुणें आकाशवाणीनें एक प्रयोग केला. त्या वेळच्या मुंबई राज्यांतील पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पांच जिल्ह्यांतील १५० गांवांत शेतकऱ्यांचीं श्रवणमंडळें स्थापन केलीं. प्रत्येक मंडळांत वीसपर्यंत माणसें. आठवड्यांतून दोन वेळां, अर्ध्या अर्ध्या तासाचे असे एकूण वीस कार्यक्रम. कार्यक्रम संपला कीं रेडिओ बंद करावयाचा आणि ऐकलेल्या विषयावर आपसांत चर्चा करावयाची. जे प्रश्न उरतील ते पुण्यास लिहून पाठवावयाचे व त्यांचीं उत्तरें पुढील कार्यक्रमांत ऐकावयाचीं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें पॉल न्यूराथ या विद्वानाच्या मार्गदर्शनाखालीं त्याची पाहणी केली. मंडळाचीं गांवें, रेडिओ असून मंडळ नसलेलीं गांवें, आणि रेडिओच नसलेलीं गांवें, अशीं तीन प्रकारचीं गांवें घेऊन, प्रयोगाच्या आधीं व नंतर लोकांस किती माहिती आहे हें तपासलें.

मंडळाच्या गांवांत माहिती खूपच वाढलेली आढळली. ज्या गांवांत रेडिओ होता पण मंडळ नव्हतें, तेथें वाढ झाली ती अगदीं बेताची. आवाज तोच, वक्ते तेच, भाषा तीच. फरक एवढाच कीं एके ठिकाणीं ऐकून लोक घरीं गेले आणि दुसऱ्या ठिकाणीं ऐकून लोक बोलत बसले. पुढें १९५९ पासून हीं मंडळें देशभर काढण्यांत आलीं. आज रेडिओची जागा मोबाईलनें घेतली आहे, परंतु मोबाईलवरील चित्रफीत पाहून ती पुढें धाडून देणारा मनुष्य हा मंडळ नसलेल्या गांवचाच रहिवासी होय.

माहिती हातोहात पुढें जातांना मध्येंच कशी अडते याचें दुसरें उदाहरण वृद्ध वाचकांच्या स्वतःच्या आठवणींतलें असेल. डॅनियल बेनॉर यांच्या नांवानें ओळखली जाणारी 'प्रशिक्षण व भेट' योजना १९८० नंतर आपल्या राज्यांत आली. गांवांत फिरणाऱ्या कर्मचाऱ्यास दर पंधरवड्यास शिक्षण द्यावयाचें, त्यानें ठरल्या दिवशीं ठराविक संपर्क शेतकऱ्यांस भेटावयाचें, आणि त्या संपर्क शेतकऱ्यांनीं तें ज्ञान इतरांस सांगावयाचें, अशी ती सांखळी होती. सांखळी कागदावर उत्तम होती. कर्मचाऱ्यास शिस्त लागली, भेटीचा वार ठरला, हा लाभ खराच. पण शेवटच्या दुव्याशीं ती पुष्कळदां तुटे, कारण संपर्क शेतकऱ्यास माहिती दिली होती, ती दुसऱ्यास कशी द्यावी हें मात्र कोणीं शिकविलें नव्हतें. याउलट इंडोनेशियांत १९८९ सालीं भाताच्या शेतावर ज्या शेतीशाळा सुरू झाल्या, त्यांत शेतकऱ्यांनींच दर आठवड्यास बांधावर बसून कीड व मित्रकिडी मोजावयाच्या आणि फवारावें कीं नाहीं हें आपण ठरवावयाचें, अशी पद्धत होती. ती पद्धत आतां आपल्याकडेही आली आहे. जेथें शेतीशाळेचा प्रमुख स्वतः कमी बोलतो तेथें ती चालते. जेथें तो बोलूं लागतो तेथें तिचें पुन्हां व्याख्यान होतें.

कारखान्यांत काम शिकविण्याची जी पद्धत पुढें जगभर पसरली ती दुसऱ्या महायुद्धांतली आहे. अमेरिकेंतील अनुभवी कामगार सैन्यांत गेले आणि कारखान्यांत नवीं माणसें आलीं. त्यांना थोड्या दिवसांत तयार करणें भाग होतें. १९४० ते १९४५ या वर्षांत तेथील मुकादमांस शिकविण्याची एक साधी चौकडी घालून दिली गेली. प्रथम शिकणाऱ्याचें मन मोकळें करून त्याला काय येतें तें विचारावें. मग काम करून दाखवावें, एका वेळीं एकच टप्पा, आणि त्यांतली खुबी सांगावी. तिसरी गोष्ट, त्याच्याकडून तें करवून घ्यावें. करतांना त्याच्याच तोंडून खुबी व तिचें कारण वदवावें. चौथी गोष्ट, त्याला कामावर लावून मधून मधून पाहत जावें, व अडल्यास कोणाला विचारावें तें सांगून ठेवावें. शिकणाऱ्यास काम आलें नाहीं तर दोष शिकविणाऱ्याकडे धरावा, असा त्या पद्धतीचा कटाक्ष होता. आपल्याकडे याच्या अगदीं उलट रीत आहे, हें सांगावयास नकोच.

या चौकडींतील दुसरें पाऊल आपण सर्वजण टाकतों. पहिलें घाईमुळें राहतें, चौथें आळसामुळें राहतें, आणि तिसरें आपल्या अहंकारामुळें. द्राक्षबागेंतील छाटणीचें उदाहरण घेऊन हें स्पष्ट करतों.

ओझर येथें १९२५ सालीं रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनीं द्राक्षबाग लावली, तेव्हांपासून हें कसब जिल्ह्यांत पसरत गेलें तें बहुतांशीं पाहून पाहून. पाहून शिकण्यांत वाईट कांहीं नाहीं. पण त्याला वर्षें लागतात, आणि आजच्या टोळीपाशीं दिवस असतात ते आठ-दहा. ऑक्टोबर छाटणींत बागायतदार काय करतो? एक काडी कापून दाखवितो आणि म्हणतो, "ही गाठ दिसते ना, तिच्या पुढें दोन डोळे ठेवायचे अन् कापायचें. समजलें ना?" टोळी "हो मालक" म्हणते व कात्र्या चालूं लागतात. आतां सबकेन केलेल्या काडीवर हें सांगणें ठीक आहे, कारण गाठीजवळच्या डोळ्यांत घड असण्याचा संभव अधिक. पण ओळींत मध्येंच एखादी काडी सरळ वाढलेली असते. तिला गाठच नाहीं. तिच्यांतील घडाचे डोळे बहुधा पुढें, सहाव्या-सातव्याच्या आसपास असतात. नेमके कोठें, हें डोळे तपासून आणल्यावरच कळतें. ज्याला फक्त 'दोन डोळे' एवढेंच ठाऊक, तो त्या काडीचेही खालून दोन डोळे ठेवतो आणि वर्षाचें पीक कात्रीबरोबर जमिनीवर पडतें. तें पडलें हें कळतें पंधरा-वीस दिवसांनीं, जेव्हां त्या काडीवर नुसता पाला फुटतो. तोंवर टोळी चार बागा पुढें गेलेली असते.

म्हणून काडी कापून झाल्यावर विचारावें, "मावशी, येथेंच कां कापली?" उत्तर "मालकांनीं सांगितलें म्हणून" असें आलें, तर शिकविणें झालेलें नाहीं असें खुशाल समजावें. उत्तर "ह्या गाठीच्या पुढच्या डोळ्यांत घड आहे म्हणून" असें आलें, म्हणजे मग मुद्दाम एक सरळ काडी पुढें करावी व कांहींही न बोलतां पाहत राहावें. ती थांबली, तिनें विचारलें, तर ती शिकली. डोळ्याच्या वर थोडी जागा सोडून कापावें, ही दुसरी खुबी. कापलेलें टोंक वाळत खालीं येतें व अगदीं लागून कापल्यास डोळा दुखावतो, हें तिचें कारण. कारण सांगितलें नाहीं तर हीच जागा घाईंत प्रथम नाहींशी होते, कारण बिनकारणाचा नियम हा हाताला ओझें वाटतो.

येथें भाषेविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. पेठ, सुरगाणा भागांतून येणाऱ्या कित्येक स्त्रीपुरुषांची घरची बोली आपल्याहून निराळी असते. त्यांना आपली मराठी कळते, पण 'सूक्ष्मघड', 'अपिकल डॉमिनन्स' असले शब्द कळत नाहींत; आणि खरें पाहतां ते आपल्यापैकीं पुष्कळांनाही कळत नाहींत, फक्त आपण ते चर्चासत्रांत ऐकलेले असतात. डोळा, गाठ, काडी, ओलांडा, शेंडा हे शब्द पुरेसे आहेत. ते वस्तूला हात लावून उच्चारावे. टोळींतील एखादी जाणती बाई बोलीभाषेंत इतरांस सांगूं लागली तर "काय कुजबुज चाललीय" म्हणून दरडावूं नये. त्या कुजबुजीइतकें चांगलें शिक्षण आपल्या हातून होणें नाहीं. चूक दिसली तर सर्वांपुढें ओरडूं नये. ओरडल्यानें ती चूक थांबत नाहीं, फक्त यापुढें आपल्याला दिसणार नाहीं अशी होते.

छाटणी चुकली तर पीक जातें. पुढची गोष्ट चुकली तर माणूस जातो. छाटणीनंतर एक-दोन दिवसांत डोळे एकसारखे फुटावे म्हणून काडीच्या शेंड्याकडील डोळ्यांस हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लावतात. हें औषध कातडीला व डोळ्यांना तीव्र आहे, म्हणून हातमोजे पाहिजेत, हें आतां बहुतेकांस ठाऊक आहे. जरी वापरतात थोडेच. परंतु त्याची दुसरी बाजू अधिक घातक आहे. हें औषध शरीरांत गेलेलें असतां दारू घेतली, तर चेहरा लाल होणें, डोकें ठणकणें, छाती धडधडणें, दम लागणें, रक्तदाब खालावणें असा जोराचा विकार होतो व तो जिवावर बेतूं शकतो. औषध हाताळण्यापूर्वीं एक दिवस व नंतर निदान आठवडाभर दारूचा थेंबही नको. आतां हें टोळीस कसें सांगतात तें पाहावें. मालक म्हणतो, "दारू पिऊन कामावर यायचें नाहीं हां!" ऐकणाऱ्यास वाटतें, हा नेहमींचाच उपदेश, आणि कामावर न पितां तो संध्याकाळीं वस्तीवर जाऊन पितो. त्यानें आज्ञा मोडली नाहीं. आज्ञा देणाऱ्यानें कारण दिलें नाहीं. तेंच जर सांगितलें कीं, "हें औषध आठ दिवस अंगांत मुरतें, त्यावर घोटभर जरी गेली तरी हें हें होतें", आणि टोळींतील एकाकडून तें परत म्हणवून घेतलें, तर उपदेश राहत नाहीं, माहिती होते. आणि ज्याला रोजच्या व्यसनामुळें राहवणार नाहीं, त्यास त्याचा कमीपणा न करतां त्या दिवशीं दुसरें काम द्यावें.

फवारणीचीही तीच गोष्ट आहे. सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसें दगावलीं व शेंकडों रुग्णालयांत पडलीं. त्याचीं कारणें अनेक होतीं, आणि सर्व दोष शिक्षणाच्या अभावावर टाकणें हा अन्याय होईल. पण आपल्या घरीं एवढें तरी पाहावें: डब्यावरील चौकोनांतल्या त्रिकोणाचा रंग कोणता व त्याचा अर्थ काय, हें फवारणाऱ्या गड्यास ठाऊक आहे काय? लाल म्हणजे अति जहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, शेवटीं हिरवा. आम्हीं एकदां एका गड्यास विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "हिरवा म्हणजे पिकाला चांगला." त्याला कोणीं सांगितलें नव्हतें; त्यानें आपल्या बुद्धीनें अर्थ लावला होता. शिकविणाऱ्यानें रिकामी ठेवलेली जागा शिकणारा आपल्या तर्कानें भरतो, ती रिकामी कधींच राहत नाहीं.

मालकांस ही गोष्ट लागू नाहीं असें कोणीं समजूं नये. सन २०१० च्या हंगामांत युरोपांत गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे बागायतदारांच्या बोलण्यांतलें 'सीसीसी', याचे अंश सांपडले. तेथील मर्यादा किलोमागें ०.०५ मिलिग्रॅम. माल अडकला, परत फिरला, मातीमोल गेला, आणि जिल्ह्यांतील कित्येक घरांचीं गणितें त्या एका वर्षानें मोडलीं. हें औषध एप्रिल छाटणीनंतर वाढीस आळा घालून डोळ्यांत घड धरावे म्हणून वापरीत. निर्यातीपूर्वीं ज्या औषधांची तपासणी होई त्यांच्या यादींत त्या वेळीं तें नव्हतें. तें मागाहून घालण्यांत आलें. आपल्या बाजूनें पाहतां असें दिसतें कीं, त्याचें प्रमाण व वेळ एका बागेंतून दुसऱ्या बागेंत तोंडोतोंडीं फिरली. पण तें वेलींत किती काळ राहतें, घडांत उतरतें काय, हा प्रश्न तिच्याबरोबर फिरला नाहीं. सुशिक्षित बागायतदारांनींही "समजलें" म्हणून माना डोलाविल्या होत्या. चर्चासत्रांत डोस लिहून घेण्यासाठीं वह्या निघतात, तेव्हां "याचा अंश किती दिवस राहतो?" असें विचारणारा एक तरी सभासद असावा, आणि वक्त्यानें त्याचा राग मानूं नये.

आतां खर्चाची गोष्ट. पुष्कळ वाचक म्हणतील कीं, टोळी उक्त्यावर आलेली असते. तिला शिकवीत बसण्यास वेळ कोणास आहे? आक्षेप खरा आहे. एकरावर ठरलेलें काम असलें म्हणजे शिकण्यांत गेलेला प्रत्येक तास टोळीच्या पदरचा जातो, आणि मग ती शिकण्यास नाखूष असते हें स्वाभाविकच. त्यास उपाय एकच. पहिला अर्धा दिवस उक्त्यांत धरूं नये. त्याचा रोज वेगळा द्यावा व तसें मुकादमास आधींच बोलून ठेवावें. दहा माणसांच्या अर्ध्या दिवसाचा रोज आणि एका एकरांतील फुकट गेलेले घड यांचा हिशेब ज्यानें त्यानें आपल्या वहींत करून पाहावा. आम्ही जन्मभर हिशेबाचींच कामें केलीं, म्हणून येथें आंकडा घालून देण्याचा मोह होतो. पण प्रत्येकाची बाग निराळी.

या अर्ध्या दिवसांत एकदम दहा जणांस शिकवूं नये. तिघांस घ्यावें, त्यांतील एक मुकादम असावा. त्यांच्याकडून दोन-दोन वेली पुऱ्या करून घ्याव्या, कारणें वदवावीं, आणि मग त्या तिघांनीं उरलेल्यांस शिकवावें. आपण बांधावर उभें राहून ऐकावें. त्यांच्या शिकविण्यांत जी खुबी गळेल ती बहुधा आपल्याच शिकविण्यांत कच्ची राहिलेली असते. अशा वेळीं मध्यें तोंड घालण्याची फार इच्छा होते. शिकविणें पुरें होईपर्यंत थांबावें, आणि मग त्या तिघांसच बाजूस बोलावून सांगावें, म्हणजे त्यांचा मान राहतो.

मागाहूनच्या देखरेखीसाठीं पहिल्या दिवशीं तासातासानें, दुसऱ्या दिवशीं सकाळ-संध्याकाळ, व पुढें रोज एक फेरी असा क्रम आम्हांस सोयीचा दिसला आहे. फेरींत माणसाकडे न पाहतां कापलेल्या काडीकडे पाहावें. ओळींतील कोणत्याही पांच वेली घ्याव्या व चुकलेल्या काड्या मोजून वहींत तारीख, ओळ व कापणाऱ्याचें नांव टिपावें. चूक आढळल्यास ज्यानें कापली त्यालाच त्या वेलीपाशीं नेऊन "येथें काय दिसतें?" असें विचारावें, आणि पुढच्या न कापलेल्या वेलीवर त्याच्याकडून एक काडी आपल्या देखत कापवून घ्यावी. पेस्ट लावण्याच्या दिवशीं काम सुरू होण्यापूर्वीं दारूविषयींची सूचना पुन्हां एकदां, मात्र या वेळीं मुकादमाच्या तोंडून, सर्वांस ऐकवावी. आणि हातमोजे मोजून द्यावे व संध्याकाळीं मोजून परत घ्यावे.